हरलेला डाव लगेच इंजिनला दाखवू नका

रविवारी लीगमध्ये जिंकत आलेला डाव हरलो, माझ्यामुळे टीमही हरली. फुकटचं प्यादं खायला मी पहिल्या ओळीवरचा हत्ती हलवला. राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. काळ्याचा हत्ती ई-१ वर आला, मात!

स्टॉकफिश म्हणतं, आधी एच-३ खेळून राजाला वाट करून द्यायची. बरोबरच आहे. पण इंजिन चूक दाखवतं, ती का झाली ते नाही. म्हणून मी आधी स्कोअरशीटवर चालींशेजारी तेव्हाचे विचार लिहिले. मागचे दोन हरलेले डावही तसेच तपासले. तिन्हीकडे एकच बग: जिंकतोय वाटलं की समोरचा काय करणार, हे मी बघतच नाही.

तर आधी स्वतः लिहा, मग इंजिन लावा.