पहिलं गिऱ्हाईक अनोळखी हवं

नव्या छोट्या धंद्यातली पहिली विक्री बहुधा मावशी, काकू नाहीतर शेजाऱ्यांना होते. त्याने हुरूप येतो, पण माल खपेल का ते कळत नाही. आपली माणसं भिडेखातर घेतात. अनोळखी माणूस पूर्ण किंमत मोजतो तेव्हाच खरी परीक्षा होते. इंदूरच्या सराफ्यात ती रोज रात्री चालते. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यवहार असतो. रात्री पेढ्यांची शटरं उतरली की त्यांच्यासमोरच खाण्याची दुकानं लागतात. हिवाळ्यात गराडूवाला गिऱ्हाइकासमोर गराडू या कंदाच्या फोडी कढईत खरपूस तळतो, वर जिरावण मसाला भुरभुरतो, लिंबू पिळतो. सगळं उघड्यावर असल्याने घ्यायचं की नाही हे मिनिटभरात ठरतं. म्हणून गिऱ्हाइकाची वाट बघत बसण्यापेक्षा ते आधीच जमतं तिथे थोडा माल घेऊन जावं, असं माझं ठाम मत आहे.

सराफ्यात जुनी नावाजलेली दुकानं असताना नवख्याला कोण विचारणार? शंका रास्त आहे, तिथे जागा मिळणंही सोपं नाही. पण गर्दी आठवडी बाजारात असते, शाळा सुटतानाही असते. भांडवलाचं म्हणाल, तर २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना सुरुवातीचं कर्ज १०,००० रुपयांपर्यंतच ठेवलं होतं. आरंभ लहान असायला हरकत नाही. उद्घाटनाची सूट मात्र टाळावी. तिच्यामुळे पुढे खरा भाव महाग वाटतो. त्यापेक्षा चवीपुरता नमुना फुकट द्यावा आणि किंमत पहिल्या दिवसापासून तीच ठेवावी.