कपाटाची किल्ली

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आहे ना? कुठे आहे बरं ते? मुख्याध्यापकांच्या खोलीत? व्हरांड्यात? की वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, नकाशांच्या गुंडाळ्यांआड? आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, ठाऊक आहे?

आज मी तुम्हांला एका किल्लीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझी आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

डी.एड. होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. डोंगराच्या पायथ्याशी आमची छोटीशी शाळा. पाऊस असा की जून ते सप्टेंबर आकाश दिसायचंच नाही. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. म्हणाले, "बाई, ग्रंथालय आजपासून तुमच्याकडे."

ग्रंथालय म्हणजे काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट. आत दोनशेच्या वर पुस्तकं आणि सोबत दाखल नोंदवही. नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, नाव, लेखक, किंमत, सगळं लिहिलेलं. "तपासणीला पुस्तकं मोजतात हं," एका जुन्या सहकाऱ्यांनी बजावलं. "कमी भरलं तर तुमच्या खिशातून!"

झालं! मी अशी काही घाबरले की पुस्तकं जपण्याचा सगळ्यांत सोपा उपाय शोधून काढला. कपाट उघडायचंच नाही! वर्षभर पुस्तकं अगदी सुखरूप राहिली. एकही हरवलं नाही, एकही फाटलं नाही. आणि एकही कुणी वाचलं नाही.

चौथीत एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती कपाटासमोर येऊन उभी राहायची. काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची.

"बाई, ते हिरवं पुस्तक कशाचं आहे?"

"पक्ष्यांचं."

"देता?"

"नंतर बघू हं."

हे 'नंतर' किती दिवस चाललं असेल? पुरते दोन महिने! शेवटी श्रावणात एके दिवशी मी पुस्तक काढून दिलं. "जपून ने. खराब करू नकोस. डाग पडता कामा नये." दहा सूचना दिल्या. तिनं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी दप्तरात ठेवली आणि दप्तर पोटाशी धरून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिची मैत्रीण माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तिचं पुस्तक भिजलंय. ती आता शाळेत यायचीच नाही म्हणते."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. रात्री कौलं गळाली होती आणि पाणी नेमकं दप्तरावर पडलं होतं. चुलीपासून हातभर अंतरावर पाट मांडून, त्यावर ते हिरवं पुस्तक उघडं ठेवलं होतं. फुगून दुप्पट झालेलं! मला बघताच तिची आई पदराची गाठ सोडायला लागली. म्हणाली, "बाई, किती भरायचे ते सांगा. पण पोरीला शाळेतून काढू नका."

मला काय बोलावं तेच सुचेना. पुस्तकाची किंमत होती पस्तीस रुपये. त्या पस्तीस रुपयांच्या धाकानं एक हुशार मुलगी तीन दिवस घरात बसली होती. आणि तो धाक घातला होता मी!

"पैसे नकोत," मी म्हटलं. "पुस्तक वाचलंस का, ते सांग."

ती दाराआडून म्हणाली, "अर्धंच झालंय. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तिथवर आलेय. ढोलीचं तोंड लिंपून टाकतात, नुसती फट ठेवतात. नर बाहेरून तिला फळं भरवतो. पण बाई, पुढची पानं चिकटलीत. ती बाहेर येते की नाही?"

आम्ही तिघी पाटाभोवती बसलो. पानं अगदी हलक्या हातानं सोडवत गेलो. धनेशाची मादी बाहेर आली, पिल्लंही बाहेर आली. पोरीचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. मी कपाट उघडलं आणि त्यानंतर शाळेच्या वेळात त्याला कुलूप म्हणून लावलं नाही.

साखळदंडातली पुस्तकं

पुस्तकं कोंडणारी मी काही पहिली नव्हे बरं का! काही शतकांपूर्वी युरोपात पुस्तकं चक्क साखळीनं फळीला बांधून ठेवत. तेव्हा ती हातानं लिहिलेली, फार महाग असत. इंग्लंडमधल्या हेरफर्ड गावच्या मोठ्या चर्चमध्ये साखळ्यांसकट असं एक ग्रंथालय आजही जपून ठेवलेलं आहे.

आपल्या देशातल्या एका गणिताच्या शिक्षकांनी याच्या अगदी उलट सांगितलं. त्यांचं नाव डॉ. एस. आर. रंगनाथन. ते १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. नियम इतके सोपे आहेत की तुम्हांलाही पाठ होतील. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे.

पहिला नियम वाचला आणि मला माझंच कपाट आठवलं! १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तुमच्या शाळेत पुस्तकं सांभाळणाऱ्या सरांना किंवा बाईंना एक फूल द्यायला विसरू नका.

पुस्तक शोधायचं कसं?

मोठ्या शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात गेलात तर पुस्तकांच्या पाठीवर छोटी चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. त्यावर आकडे असतात. ते म्हणजे पुस्तकाचा पत्ता! मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली ही युक्ती जाहीर केली. त्यानं सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. ५०० पासून विज्ञान, ७०० पासून कला आणि खेळ, ८०० पासून साहित्य, ९०० पासून इतिहास-भूगोल. पक्ष्यांची पुस्तकं ५९८ मध्ये बसतात, तर मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. म्हणजे एकाच विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी येतात. एक शोधायला जावं आणि शेजारची चार सापडावीत, ही ग्रंथालयातली खरी गंमत.

आमच्या कपाटात एवढे आकडे कुठले! आम्ही रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. गोष्टींना लाल, विज्ञानाला निळी, चरित्रांना पिवळी आणि कवितांना हिरवी. पहिलीतली मुलंसुद्धा पुस्तक बरोबर जागेवर ठेवायला शिकली.

पुस्तक आपल्याला झेपेल का, हे कसं ओळखाल? मधलंच एखादं पान उघडा आणि वाचा. अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आणखी थोड्या दिवसांनी घ्या, किंवा घरी कुणाला तरी शेजारी बसवून वाचा. आणि हो, वीस पानं वाचूनही पुस्तक आवडलं नाही तर खुशाल परत करा. त्यात लाजायचं काही नाही. तुमचं पुस्तक दुसरं असेल!

एखादी माहिती हवी असेल तर आख्खं पुस्तक वाचायची गरज नाही. पुढे अनुक्रमणिका असते. काही पुस्तकांत शेवटी सूची असते, तिच्यात शब्द आणि पानांचे क्रमांक दिलेले असतात. शब्दकोश आणि विश्वकोश सहसा घरी देत नाहीत. तिथेच बसून पाहावे लागतात, कारण ते कुणाला कधीही लागू शकतात. जाताना वही-पेन्सिल घेऊन जा. माहिती टिपताना पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांकही लिहून ठेवा. नाहीतर "कुठे बरं वाचलं होतं?" म्हणत डोकं खाजवत बसाल.

भिजलं तर? फाटलं तर?

पुस्तक भिजलं तर उन्हात ठेवू नका, पानं वेडीवाकडी होतात. चुलीजवळ तर मुळीच नको. पानांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरानं कोरे, पाणी शोषणारे कागद घाला. ते ओले झाले की बदला. वाऱ्याच्या जागी किंवा पंख्याखाली सावलीत वाळवा. जवळजवळ वाळलं की वर दोन जड पुस्तकं ठेवून दाबा. अगदी पहिल्यासारखं होणार नाही, पण वाचता नक्की येईल.

फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांनी पिवळी पडते, तिचा चिकटा पानभर पसरतो. पान तसंच जपून आणा आणि सरांना किंवा बाईंना सांगा. पातळ कागद आणि खळ वापरून ते जोडता येतं. मुख्य म्हणजे लपवू नका. सांगितलेलं पुस्तक दुरुस्त होतं, लपवलेलं पुस्तक कायमचं जातं.

आता आई-बाबांसाठी

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्र, मासिकं व सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा असावीत. म्हणजे गोष्टीचं पुस्तक हा मुलांचा हक्क आहे. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "पुस्तकं मुलांच्या हातात पडतात का? कुठल्या वारी?" भांडू नका, नुसतं विचारा. आणि जमल्यास आठवड्यातून एक तास शाळेत येऊन पुस्तकांच्या देवघेवीची नोंद करायला हात लावा. प्राथमिक शाळेत सहसा वेगळे ग्रंथपाल नसतात. वर्ग सांभाळून हे काम करणाऱ्या शिक्षकांना तुमची मदत मोलाची वाटेल.

काही पालक म्हणतात, "बाई, आम्हांला वाचता येत नाही, आम्ही काय करणार?" त्या हिरव्या पुस्तकाच्या मुलीची आईही हेच म्हणाली होती. मी म्हटलं, "तुम्ही ऐका." भाकरी थापताना ती रोज पोरीकडून एक पान ऐकू लागली. मग स्वतःच सांगायला लागली की देवराईत उंबर पिकला की धनेश येतो, आणि त्याच्या पंखांचा आवाज लांबून कसा ओळखायचा. हे तर पुस्तकातही नव्हतं! पोरीनं ते सगळं वहीत लिहून आणलं. आम्ही ती वही शिवून, पुठ्ठा लावून, तिला क्रमांक देऊन कपाटात ठेवली. ग्रंथालय वाढतं ते असंही.

आणखी एक विनंती. मुलानं गोष्ट वाचली की लगेच "तात्पर्य काय?" असं विचारू नका. "पुढे काय झालं?" असं विचारा. मग बघा ते कसं भडाभडा बोलतं! १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत या आणि मुलांसोबत बसून एक तरी पुस्तक वाचा किंवा ऐका.

तुम्ही विचाराल, कपाट उघडं ठेवल्यावर पुस्तकं हरवली का? हो, हरवली की! पहिल्या वर्षी तीन. त्यांतली दोन पुढे सापडली. एक धान्याच्या कणगीत आणि दुसरं एका आजोबांच्या उशाशी! आजोबा म्हणाले, "थांबा की बाई, दोन पानं राहिलीत!" तिसऱ्याचे पैसे मी भरले आणि नोंदवहीत तसं लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी देवघेवीची वही चाळली आणि विचारलं, "एवढी वाचतात मुलं?" बाकी काही बोलले नाहीत.

ते हिरवं पुस्तक अजून आहे. फुगलेलं, कडेला तपकिरी डाग पडलेलं. नोंदवहीत त्याच्या नावापुढे सगळ्यांत जास्त सह्या आहेत.

तर मुलांनो, उद्या शाळेत गेलात की एवढं करा. कपाटासमोर उभे राहा, एक नाव निवडा आणि सरांना किंवा बाईंना म्हणा, "मला हे पुस्तक द्याल का?" त्या 'नंतर' म्हणाल्या तर परवा पुन्हा विचारा. आमच्यासारख्या बाईंना कधी कधी दोनदा विचारावं लागतं!