नागपूरच्या आसपास वाघ आहेत, मग सिंह का नाहीत?

इतवारीतून सकाळी गाडी काढली, तर दुपारच्या सफारीला पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला गाठता येतं. नशीब असेल तर वाघही दिसतो. पण भारतात मोकळ्या जंगलातला सिंह पाहायचा तर थेट गुजरातच!

असं का?
एकेकाळी मध्य भारतातही सिंह होते. १९व्या शतकात बेसुमार शिकारीने ते संपवले. जुनागढच्या नवाबांनी संरक्षण दिलं, म्हणून गीरमध्ये मोजके वाचले. २०२० मध्ये ते ६७४ होते, २०२५ च्या गणनेत ८९१ झाले.

मग अडचण काय?
सगळे सिंह गीर आणि सौराष्ट्रातच आहेत. २०१८ मध्ये गीरमध्ये विषाणूची साथ आली आणि काही आठवड्यांत २० हून जास्त सिंह दगावले. हाच धोका ओळखून सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये कुनोत चित्ते आले. सिंह मात्र आलेच नाहीत.

गीरला जाताय?
१६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल सफारी बंद असते. देवळिया पार्कला कुंपण आहे. मोकळे सिंह पाहायचे असतील तर गीर जंगल ट्रेलचं परमिट ऑनलाइन काढा.