डोळ्याला न कळणारी वजाबाकी

चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन हजार पिक्सेल उंच असा फोटो मोबाइलने काढला, की त्यात एक कोटी वीस लाख ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. झाले ३ कोटी ६० लाख बाइट, ढोबळमानाने ३६ एमबी. फोनमध्ये त्याच फोटोची फाइल मात्र तीन-चार एमबीची सापडते. नऊ-दशांश माल गायब, आणि तरीही आजीच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा कमी झालेली दिसत नाही.

ही वजाबाकी करणाऱ्या पद्धतीचं नाव जेपेग. ती काय टाकते, कशाच्या जोरावर टाकते आणि टाकलेलं कधी महागात पडतं, हे जाणून घेण्याची वेळ आता घराघरावर आली आहे. कारण घरातले अल्बम भरायचे थांबले आणि आपली सगळी चित्रस्मृती अशा फायलींमध्ये जमा होऊ लागली. जेपेगची रचना चित्र ने-आण करण्यासाठी झाली. आपण मात्र तिच्यावर जपणुकीचा भार टाकला आहे.

यातली कळीची कल्पना बंगळूरच्या एका माणसाची. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. अभियांत्रिकीचं शिक्षण बंगळूरला झालं, १९६६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि मग ते कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. कोसाइन लाटांच्या गणिताने चित्राची माहिती थोड्या आकड्यांत दाटून बसवता येईल का, हे तपासण्यासाठी १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच साधी आहे, असा परीक्षणातला आक्षेप होता, असं अहमद यांनीच पुढे १९९१ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यांनी १९७३ चा उन्हाळा अनुदानाशिवाय याच कामात घातला. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि टेक्ससमधले के. आर. राव हे सहकारी. तिघांच्या नावाने जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापून आला. जेमतेम चार पानांचा! जेपेगच काय, पण डिजिटल व्हिडिओच्या बहुतेक प्रचलित पद्धतीही या चार पानांवर उभ्या आहेत. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ही तीन नावं यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

त्या गणिताचं काम एकाच तुकड्यावर जवळून पाहू. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. समजा, आपल्या चौकोनात आभाळ आहे आणि त्यातून एक विजेची तार गेली आहे. शून्य म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र, या मोजणीत चौकोनाच्या उजेडाची सरासरी १८० आहे. आधी प्रत्येक आकड्यातून १२८ वजा होतात, म्हणजे सरासरी उरली ५२. मग या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे येतात. पहिला आकडा सगळ्या चौकोनाचा मिळून उजेड सांगतो. हिशेबाच्या रीतीप्रमाणे तो सरासरीच्या आठपट, म्हणजे ४१६ असतो. पुढचे ६३ आकडे उजेडाचे चढउतार सांगतात. सुरुवातीचे संथ, रुंद पट्ट्यांचे, आणि शेवटाकडे जाताना अगदी बारीक, एकाआड एक ठिपक्यांचे. इथवर काहीच हरवलेलं नाही. गणित उलटं फिरवलं की मूळ ६४ ठिपके परत हाती येतात. फायदा एवढाच झाला, की महत्त्वाचं सगळं पहिल्या काही आकड्यांत गोळा झालं.

खरी वजाबाकी आता होते, आणि ती होते भागाकाराने. प्रत्येक आकड्याला ठरावीक भाजकाने भागायचं आणि अपूर्णांक सोडून जवळचा पूर्णांक घ्यायचा. प्रमाणग्रंथाच्या परिशिष्टात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिला भाजक १६ आहे. ४१६ भागिले १६, बरोब्बर २६. पहिल्या ओळीतला पाचवा भाजक २४. तिथे आपल्या तारेमुळे उणे ५८ आला असेल, तर उरतो उणे २. शेवटच्या कोपऱ्यातला भाजक ९९. तिथला ३७ भागून शून्य होतो. फाइल उघडताना उलटा गुणाकार होतो तेव्हा २६ चे ४१६ परत मिळतात, उणे ५८ च्या जागी उणे ४८ येतो आणि ३७ कायमचा गेलेला असतो. अशा तऱ्हेने चौसष्टांपैकी बरेचसे आकडे शून्य होतात. मग कोपऱ्यापासून नागमोडी वाटेने ते ओळीने मोजायचे, म्हणजे शून्यांची लांबलचक रांग एका छोट्या नोंदीत मावते. शेवटी हफमन संकेत वापरून वारंवार येणाऱ्या नोंदींना आखूड खुणा द्यायच्या. डेव्हिड हफमन यांनी ही युक्ती एमआयटीत विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी दिलेल्या लेखी कामात शोधली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

भाजक कुठे १६, कुठे ९९ असे कमीजास्त का? कारण मोजमाप माणसाच्या नजरेचं आहे. उजेडाचा संथ बदल डोळा चटकन टिपतो, अतिबारीक चढउतार सुटून जातात. रंगाच्या बाबतीत तर डोळा आणखी ढिला आहे. म्हणून हा सगळा खटाटोप सुरू होण्याआधीच उजेड आणि रंग वेगळे काढतात. उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची राहते. रंगाची मात्र बहुतेक वेळा चार ठिपक्यांना मिळून एकच. चार ठिपक्यांचे बारा आकडे होते, त्यांचे सहा झाले. गणिताला हात लावण्याआधी निम्मा माल कमी! पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांची लग्नपत्रिका किंवा दिवाळीचं शुभेच्छापत्र मोबाइलवर आलं, की ते मोठं करून पाहा. अक्षरांच्या कडेला लाल रंग फुटलेला, मळलेला दिसेल. आभाळात, चेहऱ्यावर, शेतात ही काटकसर खपून जाते. अक्षराच्या धारदार कडेवर ती उघडी पडते.

ही पद्धत निवडली गेली तीही डोळ्यांच्याच साक्षीने. जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप ही तज्ज्ञांची समिती १९८६ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे बारा पद्धती आल्या. कोणती कोणाची हे न सांगता चित्रं दाखवून १९८७ मध्ये त्यांतल्या तीन उरल्या, आणि जानेवारी १९८८ मध्ये आणखी कडक चाचणीत आठ बाय आठ चौकोनांची कोसाइन पद्धत सरस ठरली. प्रमाण मंजूर झालं १९९२ मध्ये. पण कागदावरचं प्रमाण जगभर पसरलं ते टॉम लेन यांच्या स्वयंसेवक गटामुळे. त्यांनी १९९१ च्या ऑक्टोबरमध्येच जेपेग वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्राम कोणालाही फुकट वापरता येईल असा खुला करून टाकला होता.

फाइल सेव्ह करताना जो क्वालिटीचा आकडा विचारतात, त्याचा उगमही याच प्रोग्राममध्ये आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. ७५ म्हणजे ७५ टक्के चित्र शिल्लक राहिलं असं नाही. ५० ला वर सांगितलेला तक्ता जसाच्या तसा लागतो. ७५ ला सगळे भाजक निम्मे होतात, १६ चे ८. १०० ला सगळे १. म्हणजे १०० ला देखील थोडी काटछाट होतेच, कारण अपूर्णांक तेव्हाही सुटतात.

आता नोकरीच्या अर्जाचा फोटो घ्या. बँक भरतीच्या अर्जात २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो मागतात. सायबर कॅफेत किंवा घरी मोबाइलवर मुलं मूळ फोटो तसाच ठेवून ‘साईज कमी करणाऱ्या’ एखाद्या अ‍ॅपमध्ये टाकतात. ३६ एमबीचं चित्र ५० केबीत कोंबायचं म्हणजे ७२० पट दाबायचं. चेहऱ्याचे चौकोनी तुकडे दिसू लागतात, ते याच आठ बाय आठच्या चौकोनांचे. उलट आधी चित्र कापून २०० बाय २३० पिक्सेलचं करा. ४६ हजार ठिपके, न दाबताही फक्त १३८ केबी. त्याचे ५० केबी करायला तिपटीपेक्षाही कमी दाब पुरतो आणि फोटो स्वच्छ राहतो. आधी मापं कमी करायची आणि मगच दाब द्यायचा, हा क्रम अर्जाच्या सूचनांमध्येच ठळक अक्षरांत छापला, तर किती मुलामुलींची धावपळ वाचेल.

दिवाळी अंकाच्या मांडणीत नेमकी याच्या उलटी अडचण येते. आठ इंच रुंद छापायच्या चित्राला, इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, २४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन पुन्हा दाबला जातो, आणि तो कधी, कशाने काढला ही फाइलमधली नोंदही पुसली जाते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला, पण मूळ फाइल हवी तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हेच खरं. मांडणी करणारी मंडळी दर वर्षी हे सांगून थकतात, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं.

पुन्हापुन्हा सेव्ह केल्याने जेपेग खराब होतं, हेही थोडं बारकाईने घ्यावं लागेल. फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने काहीही बिघडत नाही. त्याच तक्त्याने, काही न बदलता पुन्हा सेव्ह केली तरी नुकसान अगदी कमी होतं, कारण आकडे आधीच त्या भाजकांच्या पटीत बसलेले असतात. घात होतो तो मध्येच कडा कापल्या, आकार बदलला किंवा दुसऱ्या अ‍ॅपचा तक्ता लागला तर. चौकोनांच्या सीमा सरकतात, जुन्या सीमा चित्राचाच भाग बनून बसतात आणि त्यांच्यावर नवी काटछाट होते. दहा गटांतून फिरून आलेला आजोबांचा फोटो धुरकट दिसतो, त्याचं कारण हे.

मला जास्त काळजी वाटते ती मोडी कागदांची. गावोगावच्या घरांत, देवळांत अजून दप्तरं आहेत. लोक आस्थेने त्यांचे फोटो काढतात आणि वाचून द्या म्हणून जाणकारांकडे पाठवतात. बोरूची रेघ म्हणजे काळ्या शाईची पांढुरक्या कागदावरची कडक धार, आणि कडक धार हेच जेपेगचं दुखणं. बारीक चढउतारांचे आकडे गाळले, की अक्षराभोवती करड्या ठिपक्यांची राळ उडते. मग एखादं टिंब शाईचं की काटछाटीतून आलेलं, हे पडद्यावर ठरवता येत नाही. मूळ कागदाला वाळवी लागली, तर नंतरही ठरवता येणार नाही.

यापेक्षाही धोक्याचं एक उदाहरण जर्मनीत २०१३ मध्ये समोर आलं. डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर एका घराचा आराखडा स्कॅन केला. त्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटलं, तेही सुबक, स्पष्ट अक्षरांत. ही पद्धत जेपेग नव्हती. जेबिग २ या पद्धतीत सारखे दिसणारे छोटे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे तेच वापरतात, आणि यंत्राला वेगळे आकडे सारखे वाटले होते. कंपनीला यंत्रांच्या प्रणालीत दुरुस्ती द्यावी लागली. जेपेगची चूक निदान धूसर दिसते, म्हणजे शंका तरी येते. इथे शंका यायलाही जागा नव्हती. जमिनीच्या, देण्याघेण्याच्या कागदांसाठी काही हरवू न देणाराच प्रकार वापरायचा, एवढं या एका आराखड्यावरून पक्कं ठरवावं.

असे प्रकार आहेतच. पीएनजी १९९६ मध्ये आलं. जुन्या जीआयएफमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीने पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली, त्याला दिलेलं ते उत्तर. त्यात एकही ठिपका बदलत नाही, म्हणून अक्षरं, नकाशे, स्क्रीनशॉट यांना ते उत्तम. संग्रहालयं टिफ वापरतात. छायाचित्रकार रॉ फाइल राखून ठेवतात, कारण सेन्सरने टिपलेल्या उजेडाच्या १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६ उरतात. अंधाऱ्या गाभाऱ्यातला फोटो नंतर उजळायचा असेल, तर हा फरक लख्ख दिसतो. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आणलेल्या एचईआयसीत साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा मिळतो, पण स्वीकारणारा तयार हवा. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑनलाइन एपी परीक्षेत मुलांनी आयफोनने काढलेले उत्तरांचे फोटो याच प्रकारात होते, म्हणून अपलोडच झाले नाहीत. जेपेग तीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे ते यामुळेच. कुठल्याही यंत्रावर ते उघडतं.

म्हणून जेपेग एक्सएलकडे मी आशेने पाहतो. जुनी जेपेग फाइल त्यात नव्याने बांधता येते. भागाकार पुन्हा होत नाही, फक्त उरलेले आकडे अधिक दाटून बसवले जातात. जागा साधारण २० टक्के वाचते. गूगलने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रोममधून त्याचा प्रायोगिक आधार काढायचं जाहीर केलं, तर अ‍ॅपलने २०२३ मध्ये सफारीत त्याला जागा दिली, त्यामुळे गाडी अडखळत चालली आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या डिजिटल फोटोंनी हार्ड डिस्क भरलेल्या घरासाठी आणि निधीअभावी जागा मोजून वापरणाऱ्या ग्रंथालयासाठी ही सोय फार मोलाची आहे. हवं तेव्हा ती फाइल सोडवली, की जुनी जेपेग पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी बाहेर येते.