अमेरिकेतलं 'कम्युनिटी कॉलेज' स्वस्त का असतं, आणि नेमकं कोणासाठी?

परदेशी शिक्षणाच्या जाहिराती आता तालुक्याच्या पोरांच्या मोबाईलवरही येऊ लागल्या आहेत. त्यात 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द दिसतो. दोन वर्षं तिथं स्वस्तात करा, पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, असं सांगितलं जातं. यात खोटं काही नाही. पण ते स्वस्त कोणाच्या पैशानं झालं, हे जाहिरातीत नसतं.

ही कॉलेजं बऱ्याच ठिकाणी 'डिस्ट्रिक्ट' चालवतो. हा आपल्यासारखा कलेक्टरचा जिल्हा नव्हे. कॉलेज चालवण्यासाठी आखलेली ती एक वेगळी हद्द असते. हद्दीतले मतदार विश्वस्त निवडून देतात. जिल्हा परिषदेसारखीच निवडून आलेली मंडळी, फक्त रस्ते, पाणी, दवाखाना यातलं काही त्यांच्याकडे नाही. एकच काम, कॉलेज.

कॅलिफोर्निया राज्यात याची सुरुवात १९०७ च्या कायद्यानं झाली. बारावीनंतरचे वर्ग हायस्कूलातच भरवायला परवानगी मिळाली. १९१० मध्ये फ्रेझ्नो या शेतीच्या भागात असे पहिले वर्ग सुरू झाले. विद्यापीठ लांब, राहण्या-खाण्याचा खर्च परवडत नाही, ही अडचण तिथंही होतीच. १९२१ च्या कायद्यानं कॉलेजसाठी स्वतंत्र डिस्ट्रिक्ट काढायची सोय झाली.

त्यातलाच एक 'फूटहिल-डी आन्झा'. आज ज्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, तिथला. १९५७ मध्ये मतदारांनी तो मंजूर केला, तेव्हा त्या खोऱ्यात जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागा होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आले, वस्ती वाढली, बागा तुटू लागल्या. १९५८ ला माउंटन व्ह्यू गावातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत फूटहिल कॉलेजचे वर्ग भरले. १९६१ मध्ये ते लॉस अल्टोस हिल्सच्या टेकडीवर स्वतःच्या जागेत गेलं. पोरं वाढतच गेली, म्हणून १९६७ मध्ये क्युपर्टिनोत दुसरं कॉलेज काढलं, डी आन्झा. याच कॉलेजच्या आवारातल्या फ्लिंट सेंटर सभागृहात १९८४ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झनं मॅकिन्टॉश कॉम्प्युटर पहिल्यांदा लोकांना दाखवला. बागायतदारांचं खोरं सत्तावीस वर्षांत कुठून कुठं गेलं, ते यावरून कळतं.

दरम्यान १९६० मध्ये राज्यानं उच्च शिक्षणाचा आराखडा केला. वरच्या गुणवत्तेची मुलं थेट विद्यापीठात, बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. दोन वर्षं इथं चांगली केली की तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता यायचं. आणि राज्यातल्या रहिवाशांना शिकवणीची फी नव्हती.

मग पैसा कुठून यायचा? मोठा वाटा घरपट्टीतून. आपल्या घराची, जमिनीची पट्टी भरायची आणि त्यातला हिस्सा आपल्या कॉलेजला, असा सरळ हिशेब.

हा हिशेब १९७८ मध्ये बिघडला. घरांचे भाव भराभर चढत होते आणि त्यांच्याबरोबर पट्टीही. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना ती झेपेना. लोकांनी थेट मतदान करून 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. पट्टी मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली गेली. ती किंमतही वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढवायची, घर विकलं गेलं तर मात्र नव्यानं ठरवायची. लोकांचा राग चुकीचा होता असं म्हणता येत नाही. पण त्याची किंमत कॉलेजांनी मोजली. पट्टी ठरवायची ताकद स्थानिक विश्वस्तांच्या हातून गेली आणि ते राज्याच्या बजेटकडे डोळे लावून बसले.

सहा वर्षांतच, १९८४ ला, फी आली. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सेमिस्टरला ५० डॉलर. रक्कम लहान होती, पण फुकट शिक्षणाचा शब्द तिथं मोडला. २०१२ पासून राज्याचा दर सेमिस्टर पद्धतीत एका युनिटला ४६ डॉलर आहे. फूटहिल आणि डी आन्झा क्वार्टर पद्धतीनं चालतात, म्हणून तिथं ३१ डॉलर. गरीब रहिवाशांना यातूनही माफी मिळते.

इमारतींचा पैसा मात्र अजून मतदारच देतात, कर्जरोख्यांना मंजुरी देऊन. या एका डिस्ट्रिक्टच्या मतदारांनी १९९९ मध्ये २४ कोटी ८० लाख, २००६ मध्ये सुमारे ४९ कोटी आणि २०२० मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. ते कर्ज त्यांच्याच घरपट्टीतून फिटतं. रोख्यांचा पैसा बांधकाम, दुरुस्ती, साधनं यालाच वापरायचा. प्राध्यापकांचा पगार त्यातून काढता येत नाही.

म्हणूनच ३१ किंवा ४६ डॉलरचा दर हा कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचा आहे. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायला कित्येक पट जास्त द्यावे लागतात. एक वर्ष राहिलं की रहिवासी होता येतं, असं कोणी सांगत असेल तर ते अर्धंच आहे. वर्षाची अट आहे खरी, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काढलेलं वर्ष त्यात धरत नाहीत. एजंटनं फीचा आकडा दाखवला, तर तो रहिवाशांचा की परदेशी विद्यार्थ्यांचा, हे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर तपासता येतं.