क्यूजीआयएसमध्ये रास्टर टूल अडलं? आधी या ५ गोष्टी तपासा

मागच्या व्हिडिओत आपण डीईएमवरून उताराचा नकाशा काढला. तो करून बघताना कुणाचं टूल मध्येच थांबतं, तर कुणाचा नकाशा तयार होतो, पण विचित्र दिसतो. यातला दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. लाल एरर आली तर आपण थांबतो. एरर न देता चुकीचा नकाशा निघाला, तर तो थेट क्लायंटच्या रिपोर्टमध्ये जातो आणि त्यावर बांधबंदिस्तीचं एस्टिमेट होतं. म्हणून खालच्या क्रमाने तपासा.

१. लॉग वाचा
टूलच्या खिडकीत 'लॉग' टॅब असतो. त्यातली पहिली लाल ओळ बघा, शेवटची नाही. पुढच्या एरर बहुतेक वेळा पहिलीमुळेच येतात. 'नो सच फाइल' आलं तर फाइल हलली आहे किंवा पाथमध्ये गडबड आहे. 'परमिशन डिनाइड' आलं तर आउटपुटची जुनी फाइल बहुधा कुठेतरी उघडी आहे. काम डी ड्राइव्हवर छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये करा, नावात स्पेस नको.

२. सगळीकडे ८०-९० अंश उतार?
हा सीआरएसचा घोळ. एसआरटीएमचा डीईएम ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांत येतो. एक पिक्सेल जमिनीवर साधारण ३० मीटरचा, पण फाइलमध्ये तो ०.०००२८ अंश. उंची मात्र मीटरमध्ये. मग ५ मीटरचा चढ टूलला उभा कडा वाटतो! ज्या माळावर तुम्ही सायकल चालवता, तिथे ८५ अंश उतार कसा असेल?

उपाय: 'वार्प' टूलने डीईएम यूटीएममध्ये न्या. पुणे, नाशिक, संभाजीनगरसाठी ईपीएसजी ३२६४३. नागपूर, चंद्रपूरसाठी ३२६४४. रिसॅम्पलिंग 'बायलिनिअर' ठेवा. पण रास्टर जमीन-वापराच्या वर्गांचं असेल तर 'निअरेस्ट नेबर'च घ्या, नाहीतर वर्ग १ आणि ३ मधून भलताच वर्ग २ तयार होईल.

आणि हो, 'सेट लेयर सीआरएस' म्हणजे वार्प नव्हे. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही.

३. सरासरी उंची उणे आली?
एसआरटीएमच्या काही फाइल्समध्ये माहिती नसलेल्या पिक्सेलला -३२७६८ आकडा असतो. तो 'नोडेटा' म्हणून नोंदलेला नसेल, तर टूल त्याला खरी उंची समजतं. लेयर प्रॉपर्टीजमध्ये 'ट्रान्सपरन्सी'त नोडेटा तपासा.

४. रास्टर कॅल्क्युलेटरचं उत्तर कोरं?
दोन्ही लेयर एकमेकांवर येतात का, आणि आउटपुटचा एक्स्टेंट बरोबर आहे का ते बघा. पिक्सेलचा आकार वेगळा असेल तर टूल बहुतेक वेळा तक्रार करत नाही, गुपचूप जुळवून घेतं. म्हणून आधी 'अलाइन रास्टर्स' चालवा. फॉर्म्युला चालतच नसेल तर लेयरचं नाव टाइप करू नका, यादीतून डबल क्लिक करून घ्या.

५. अंश की टक्के?
४५ अंश म्हणजे १०० टक्के उतार. ३ टक्के म्हणजे जेमतेम १.७ अंश. पाणलोटाच्या कामात क्लायंट बहुधा टक्क्यांत बोलतो. जीडीएएलच्या स्लोप टूलमध्ये टक्क्यांचा चेकबॉक्स आहे, तो बघा. लेजेंडवर एकक लिहिल्याशिवाय नकाशा पाठवू नका.

शेवटची सवय: नकाशा देण्याआधी 'आयडेंटिफाय' टूलने तुमच्या ओळखीच्या ३ जागांवर क्लिक करा: एक सपाट शेत, एक टेकडीचा उतार, एक घाट. आकडे पटले तरच पीडीएफ काढा. दोन मिनिटं जातील, पण क्लायंटचा विश्वास टिकेल.