नावाचं लॉकेट: नगरधन ते इतवारी

राणीचं नाव

रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात मातीचा एक लंबगोल मुद्रांक मिळाला. लांबी साडेतीन सेंटिमीटर, वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ता हे नाव. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. पती वाकाटक राजा रुद्रसेन गेल्यावर मुलगा लहान म्हणून कारभार तिनेच पाहिला. तिच्या काळी नाव कोरून घेणं ही हौस नव्हती. मुद्रा उमटली की हुकूम खरा.

अंगठीची साक्ष

वाल्मीकी रामायणात हनुमान सीतेला देतो ती अंगठी रामनाम कोरलेली. मेघदूतामुळे रामटेकशी ज्याचं नातं जोडलं जातं तो कालिदास शाकुंतलात एक पाऊल पुढे जातो. अंगठीवरच्या माझ्या नावाचं रोज एक अक्षर मोज, अक्षरं संपेपर्यंत तुला न्यायला माणूस येईल, असं दुष्यंत शकुंतलेला सांगतो. दोन्हीकडे अंगठी बाईच्या हातात, नाव मात्र पुरुषाचं. आपल्या लग्नातही अनेक घरांत ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने वधूचं नाव लिहितात, तेही सासरी ठेवलेलं नवं. आज एखादी मुलगी पहिल्या पगारातून स्वतःचंच नाव गळ्यात घालते. मला तरी हा फरक फॅशनपेक्षा मोठा वाटतो.

शिरोरेघेची करामत

इंग्रजी अक्षरं सुटी असतात. ती वळणदार लिहून जोडावी लागतात किंवा खाली पट्टी द्यावी लागते. देवनागरीत हे काम शिरोरेघच करते. अक्षरं तिला लटकतात, दोन टोकांना कड्या झाळल्या की लॉकेट तयार. पण 'अंजली'चा अनुस्वार अधांतरी. त्याला रेघेपर्यंत बारीक देठ काढावा लागतो. 'माधवी'त तर 'ध'च्या डोक्यावर रेघच तुटते, आणि पत्रा पातळ असेल तर ओढ बसून नेमका तिथे वाकतो. अशा नावाला खालून आधार मागून घ्या, नाहीतर सरळ पदकावर नाव कोरून घ्या.

नागपूरच्या इतवारी सराफ्यात ऑर्डर देताना

जून २०२१ पासून नागपूरसह अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला ती सक्ती नाही. नाजूक लॉकेट नेमकं यातून सुटतं. म्हणून कॅरेट आणि वजन पक्क्या बिलावर लिहून घ्या. हॉलमार्क असेल तर त्यातला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. बारीक अक्षरांना २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेट टिकाऊ, कारण शुद्ध सोनं मऊ. मोडीत घालताना घडणावळ मिळत नाही. दुसऱ्याचं नाव कोण विकत घेणार?

आणि नाव तोंडी सांगू नका. ऱ्हस्व-दीर्घासकट कागदावर लिहून द्या. सोन्यातली वेलांटी बदलायची म्हणजे पुन्हा मजुरी.